रिकामी पेटी

पेटीचं लोखंडी झाकण काकूंनी स्वतः आकडा घालून उचललं आणि भिंतीला टेकवून ठेवलं. तपासायला आलेली बाई "थांबा, मी हात लावते" म्हणेपर्यंत काम होऊनही गेलं होतं.

"घ्या, बघा," काकू म्हणाल्या. "तोंड दिसेल आत."

तोंड दिसेल ही अतिशयोक्ती झाली, पण फार मोठी नव्हे. खानावळीतलं भांड्यांचं पाणी गटारात जाण्याआधी या पेटीत उतरायचं. तेल आणि चरबी वर तरंगून मागे राहायची आणि खालचं पाणी तेवढं पुढे जायचं, अशी तिची रचना. दीडशे माणसं जेवून उठली की कुठल्याही स्वयंपाकघरातली अशी पेटी बघवत नाही. काकूंची मात्र दुपारी तीन वाजता नुकत्याच घासलेल्या पातेल्यासारखी दिसत होती.

तपासनीस बाई गुडघ्यावर बसल्या. तिशीच्या असतील, पायात गमबूट, हातात खुणा केलेली काठी. काठी त्यांनी पेटीत सोडली, वर काढून बघितली, पुसली आणि पुन्हा सोडली. तेलाचा थर नखाएवढाही नव्हता.

"कधी साफ केली?"

"रोज करतो. दोनदा. आजची अर्ध्या तासापूर्वी झाली. आणि तुम्ही येणार म्हणून नव्हे बरं का. तुम्ही उद्या न सांगता या, परवा या."

मोरीपाशी ओल्या हातांनी उभ्या असलेल्या नणंदबाईंनी जोरात मान हलवली. भांडी घासणं आणि काकूंच्या बोलण्याला मान हलवणं ही दोन्ही कामं त्या वीस वर्षं बिनतक्रार करत आल्या होत्या.

काकूंनी खिळ्यावरची वही काढून पुढे केली. रोजच्या तारखेसमोर 'स्वच्छ' असं त्यांच्या अक्षरात, आणि दर महिन्याअखेर कार्यालयाचा शेरा: 'उत्तम'. खाली सही. असे चोवीस शेरे होते. गल्लीत स्वयंपाकघरं अकरा. पण नियम आला त्याच महिन्यात पेटी बसवली ती एकट्या काकूंनी. बाकीच्यांनी दुसऱ्या नोटिशीनंतर, तोंड वाकडं करून बसवल्या आणि वासाने गिऱ्हाईक उठून जायला लागलं की फावड्याने उपसल्या. एरवी त्यांच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नसे.

"दीडशे माणसांचं तेल," बाई वहीकडे न बघता म्हणाल्या. "त्यातलं भांड्यांना लागतं ते सगळं पेटीत यायला हवं. मग ते गेलं कुठं?"

"माणसांच्या पोटात."

नणंदबाई हसल्या. तपासनीस बाई हसल्या नाहीत.

"काकू, पेटी रिकामी आहे."

"रिकामी नाही. स्वच्छ म्हणा."

"ती इतकी स्वच्छ असायला नको."

काकूंनी वही मिटली. आयुष्यात त्यांनी पुष्कळ ऐकून घेतलं होतं. मीठ जास्त झालं, पोळी जाड झाली, तोंड फार चालतं. पण स्वच्छतेवरून कुणी बोट दाखवलेलं त्यांना आठवेना.

"आत काय ओतता तुम्ही?"

"पाणी. उकळतं. सोडा घालून दोन पातेली. एक दुपारी, एक बंद करताना."

बाईंनी क्षणभर डोळे मिटले. मग उठून त्या मोरीच्या कट्ट्याला टेकल्या आणि शाळेत सांगावं तसं नाही, दमलेल्या माणसाने सांगावं तसं सांगितलं. उकळत्या पाण्याने तेल पातळ होतं. पातळ झालं की पेटीतून निसटतं. पुढे गार पाइपात गेलं की थिजतं आणि भिंतीला बसतं. रोज दोन पातेली, दोन वर्षं. "काल आम्ही पाइपात कॅमेरा घातला होता. तुमच्या भिंतीबाहेरच्या चेंबरपासून गल्लीच्या खालच्या टोकापर्यंत पाइप निम्म्याहून जास्त बुजलाय. वरच्या बाजूला एवढं नाही. पेटीचं काम धरून ठेवणं आहे, काकू. चौथा हिस्सा भरली की चरबी हाताने काढायची, डब्यात भरून कचऱ्याच्या गाडीला द्यायची. तुम्ही तिला धरूच देत नाही."

"म्हणजे जे हात लावत नाहीत ते शहाणे, आणि मी घासूनपुसून ठेवते ती गुन्हेगार?"

"तसं मी म्हटलं नाही."

"मग कसं म्हटलं?" काकूंनी वहीत घडी करून ठेवलेला नियमाचा कागद काढला आणि बोट ठेवून वाचला. "'पेटी नियमितपणे स्वच्छ ठेवावी.' एवढंच आहे. पाणी गार, पाणी गरम, कुठं काही लिहिलंय? दाखवा."

बाईंनी कागद दोन्ही बाजूंनी बघितला. तो त्यांनी लिहिलेला नव्हता आणि त्याची बाजूही त्यांनी घेतली नाही.

"नाही लिहिलेलं," त्या म्हणाल्या. "पण तक्रार आली आहे. तिसऱ्यांदा. गुरुवारी सुनावणी लागली आहे, अकराही जणांची. ज्याच्या पेटीतून चरबी पुढे जाते असं ठरेल त्याचं स्वयंपाकघर तीस दिवस बंद."

"तक्रार कुणाची?"

"पाळणाघराची."

नणंदबाईंची मान या वेळी हलली नाही. खालच्या टोकाचं पाळणाघर काकूंच्या सुनेचं होतं.

सुनेने लग्नानंतर एक वर्ष खानावळीत काढलं होतं. मग एक दिवस तिने सांगितलं की मला हे काम जमतं पण आवडत नाही, मी माझं काहीतरी करणार. काकूंना त्यातलं 'आवडत नाही' तेवढंच ऐकू आलं. तिने खालच्या टोकाला तळमजल्याची खोली घेतली, मागच्या खोलीत संसार थाटला. मुलगा दोन्ही डगरींवर पाय ठेवून राहिला: जेवायला आईकडे, झोपायला बायकोकडे. काकू सुनेचं नाव घेत नसत. 'ती खालची' म्हणत.

संध्याकाळी कोपऱ्यावरचे हॉटेलवाले आले. जिथे खुर्ची दिसेल तिथे ते अध्यक्ष होत, म्हणून गल्लीत त्यांना अध्यक्षच म्हणत. अकरा जणांच्या वतीने त्यांनी अर्ज केला होता, की हा पेट्यांचा नियम या गल्लीपुरता रद्द व्हावा.

"काकू, तुम्ही आमचा हुकमाचा पत्ता," ते खुर्ची ओढून म्हणाले. "तुम्ही गुरुवारी फक्त उभं राहायचं. वही दाखवायची. म्हणायचं, दोन वर्षं आरशासारखी पेटी ठेवली, तरी गटार तुंबतंय. मग पेटी काय कामाची? संपला विषय. साहेब काय बोलणार? चोवीस वेळा 'उत्तम' त्यांनीच लिहिलंय!"

हे खरं होतं. दोन वर्षं तपासायला येणारे गृहस्थ आता बढती मिळून सुनावणी घेणारे साहेब झाले होते.

"आणि नाही म्हटलं तर?"

"तर तुमच्या त्या नव्या बाई तुमच्याच दाराला सील लावतील. तुमची सूनबाई टाळ्या वाजवेल."

"तिचं नाव काढू नका," काकू म्हणाल्या. "येते मी. वहीसकट येते."

बुधवारी दुपारी मात्र काकूंना चैन पडेना. एका मुलीने, गमबूट घालून, त्यांच्या मोरीत उभं राहून त्यांचं चुकतं असं म्हटलं होतं आणि चूक त्या मुलीचीच आहे हे अजून सिद्ध झालं नव्हतं. हातच्या काकणाला आरसा कशाला? भिंतीबाहेरचं चेंबर गटारखात्याच्या माणसांनी उघडंच ठेवलं होतं, भोवती दोरी बांधून ते जेवायला गेले होते. काकूंनी नणंदबाईंना सांगितलं, नेहमीसारखं उकळतं पाणी ओता, मी बाहेर आहे. ओतलं की हाक मारा.

दोरीखालून वाकून त्या चेंबरच्या काठाशी बसल्या. आत त्यांच्या मोरीच्या पाइपाचं तोंड दिसत होतं.

"ओतलं, वहिनी!"

आधी नुसती वाफ आली. मग पाणी आलं आणि पाण्यावर पिवळसर, चकचकीत काहीतरी पसरत गेलं. छान दिसत होतं ते, गरम कढईत तेल फिरवल्यावर दिसतं तसं. चेंबरच्या कडेला लागलं तिथे ते काही क्षणांत पांढुरकं झालं आणि थांबलं. पाणी पुढे गेलं. ते गेलं नाही.

"आणखी एक ओता," काकू म्हणाल्या.

"आणखी? रोजचं तर झालं."

"ओता म्हणते ना."

दुसऱ्या पातेल्यालाही तसंच झालं. काकूंनी कंबरेला खोचलेलं उलथणं काढलं, हात लांब करून चेंबरची कड खरवडली आणि वर आणून हुंगलं. गटाराचा वास होताच. पण त्याखाली त्यांच्या तळणाचा वास होता, आणि तो त्यांनी हजार वासांत ओळखला असता. कोपऱ्यावरच्या हॉटेलात दुसरं तेल वापरत.

त्यांना लाज वाटली. आणि लगेच रागही आला, कारण त्यांच्याकडे ही दोघं एकाच दाराने येत. ज्याने शिकवलं नाही त्याचा राग, ज्याने 'उत्तम' लिहिलं त्याचा राग, आणि पातेल्याशेजारी रोज उभं राहून स्वतःवर खूश होणाऱ्या एका बाईचा राग.

"सापडलं का?"

मागे सून उभी होती. हातात बादली आणि खराटा, साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली. पाळणाघराचं दार उघडं होतं आणि आतला वास रस्त्यावर आला होता.

"काय?"

"जे शोधताय ते."

काकू दोरीखालून बाहेर आल्या आणि दीड वर्षात पहिल्यांदा पाळणाघराच्या उंबऱ्यापर्यंत गेल्या. फरशी ओली होती. छोट्या खाटा विटांवर चढवल्या होत्या. भिंतीवर पाणी चढलं होतं तिथवरची काळी रेघ उठली होती. चौदा खाटांपैकी आठ उघड्याच होत्या, त्यांच्यावर गाद्याही नव्हत्या.

"मुलं?"

"सहा राहिलीत. बाकीच्यांनी काढून घेतली. मी असते तर मीही काढली असती." सून बादली खाली ठेवत म्हणाली. "आणखी एकदा पाणी आलं तर मालक खोली परत मागणार आहेत. म्हणजे संपलं."

"मला येऊन सांगायचं होतंस. कागदावर कशाला गेलीस?"

"दोनदा सांगितलं. दोन्ही वेळा तुम्ही म्हणालात, आधी माझी पेटी बघून जा."

म्हणाल्या होत्या. वर 'आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कारटं असं नाही माझ्याकडे' असंही म्हणाल्या होत्या. काकू तशाच मागे फिरल्या. उलथणं त्यांनी घरी येऊन तीनदा घासलं, गार पाण्याने.

गुरुवारी सुनावणीच्या खोलीत अकरापैकी दहा जण एका बाजूला बसले, अध्यक्ष पुढे. दुसऱ्या बाजूला तपासनीस बाई आणि एका खुर्चीवर एकटी सून. काकू मधल्या वाटेत थोड्या थांबल्या आणि शेवटी दाराजवळच्या बाकावर बसल्या. टेबलापलीकडे साहेब होते. वजन वाढलं होतं, चष्मा नवा होता. काकूंकडे बघून ओळखीचं हसले.

अध्यक्षांनी वीस मिनिटं घेतली. छोट्या माणसाची गळचेपी, खात्याची मनमानी, सगळं झालं. मग हात पसरून ते म्हणाले, "आणि साहेब, पुरावा म्हणाल तर आमच्या काकू. गल्लीतलं सगळ्यात स्वच्छ स्वयंपाकघर. सांगा काकू."

काकू उठल्या. वही टेबलावर ठेवली.

"पेटी स्वच्छ आहे," त्या म्हणाल्या. "दोन वर्षं आहे."

"ऐकलंत?" अध्यक्ष म्हणाले.

"मध्ये बोलू नका. स्वच्छ आहे, कारण मी तिच्यात रोज दोन पातेली उकळतं पाणी ओतते. सगळं तेल पुढे पाइपात जातं. पाइप माझ्या तेलाने तुंबलाय. मी बघितलंय, हाताने खरवडून बघितलंय. पेटी चांगली आहे. नियमही चांगला आहे, अर्धा लिहिलाय तेवढं सोडून."

अध्यक्षांची खुर्ची करकरली. "काकू, बरं नाही वाटत का तुम्हाला?"

"छान वाटतंय. तुमची पेटी घाण असते ना? असू द्या. घाण आहे म्हणजे तिने धरून ठेवलंय. आळसात का होईना, तुमच्याकडून पुण्य घडलं. आता ती वेळेवर उपसा." मग त्या साहेबांकडे वळल्या. "आणि साहेब, तुम्ही. दर महिन्याला येत होतात. झाकण उघडत होतात. माझी चूक मला कळली नाही, मी स्वयंपाक करणारी बाई. तुमचं तर शिक्षण याचंच. रिकामी पेटी बघून तुम्हाला एकदाही वाटलं नाही, की हिचं तेल जातं कुठं? चहा घेतलात आणि 'उत्तम' लिहिलंत. मीसुद्धा लोकांना दाखवत फिरले."

साहेबांनी वही ओढून घेतली, दोन पानं उलटली आणि स्वतःच्या सहीकडे बराच वेळ बघितलं. तपासनीस बाई समोरच्या भिंतीकडे बघत होत्या. पण त्यांच्या गालावर हसू दाबल्याची खळी पडली होती.

"हे पाहा," साहेब घसा खाकरून म्हणाले, "चूक नकळत झालेली आहे. त्यांनी स्वतः येऊन सांगितली आहे. खात्याच्या सूचनाही, म्हणजे, अधिक स्पष्ट हव्या होत्या. अशा वेळी ताकीद देऊन प्रकरण मिटवता येतं. गल्लीचा अर्ज फेटाळतो, यांना ताकीद देतो. फक्त तक्रारदाराची संमती लागते." ते सुनेकडे वळले. आवाज मऊ केला. "आणि घरचाच मामला आहे असं ऐकतो. तर तुमची संमती आहे ना?"

सून उठली. तिने आधी काकूंकडे बघितलं, सरळ, डोळ्याला डोळा देऊन. काकूंनीही नजर काढली नाही.

"नाही," सून म्हणाली.

"नाही म्हणजे?"

"संमती नाही. आज यांना ताकीद दिली की उद्या गल्लीत सगळे म्हणतील, काकूंचीच चूक निघाली आणि त्यांनाही सोडलं. मग कोण कशाला पेटी उपसतंय? पाणी पुन्हा माझ्याच खोलीत. नियमात तीस दिवस आहेत तर तीस दिवस."

तिचा आवाज शेवटी जरा कापला. पण ती बसली नाही.

"बघा!" अध्यक्षांना आता कुणाची तरी बाजू घ्यायचीच होती. "बघा काकू, घरचीच उलटली. अजून बोला खरं!"

"उलटली नाही," काकू म्हणाल्या. "घरची आहे म्हणून तोंडावर बोलली. तुमच्यासारखं गोड बोलून मला पुढे नाही केलं तिने."

साहेबांनी पेन उघडलं, पुन्हा बंद केलं. त्यांना अजून आशा होती.

"तुम्ही विचार करा, काकू. महिनाभर बंद म्हणजे गिऱ्हाईक दुसरीकडे वळतं. वाटलं तर मी माझ्या अधिकारात काही दिवस कमी करू शकतो. वय, आजवरचं काम, सगळं बघून. वीस? वीस करू?"

काकूंनी मागे वळून सुनेकडे बघितलं. ती अजून उभी होती, मुठी वळलेल्या, हनुवटी वर. पोरगी घाबरली होती आणि तरी तसूभर मागे हटत नव्हती. दीड वर्ष हिला नावं ठेवण्यात आपण फुकट घालवलं, असं काकूंना वाटलं.

"माझी सून काय म्हणाली ते ऐकलंत ना?" त्या साहेबांना म्हणाल्या. "तीस लिहा. एकोणतीस लिहिलेत तर मी सही करणार नाही."